कोकणात कॅम्पर ट्रेलर ओढायचा तर पिकअप कशी निवडावी

मागे मुक्कामाची सोय असलेला कॅम्पर ट्रेलर जोडायचा म्हटलं की पहिली चौकशी होते ती इंजिनाची: किती हॉर्सपॉवर, किती टॉर्क, चढ चढेल का. आजची कुठलीही डिझेल पिकअप टनभराचा ट्रेलर सपाटीवर ओढून नेते. कोकणात खरा कस लागतो तो घाट उतरताना, जंगलजेटीच्या (गाड्या खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्याच्या) ओल्या उतारावर आणि दगडी गडग्यांमधून वाडीत शिरताना. तिथे गाडीची ताकद मागे पडते. तिची वहनक्षमता, ब्रेक आणि मागची बांधणी यांवरच सगळं ठरतं. त्यामुळे शोरूमला जाण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा.

आधी ट्रेलर, मग गाडी

पुष्कळ जण उलटं करतात. गाडी घेतात आणि मग तिला झेपेल असा ट्रेलर शोधत बसतात. ट्रेलरचं भरलेलं वजन किती, हे आधी ठरवा. विक्रेता सांगतो ते रिकामं वजन असतं, त्यात तुमचं सामान धरलेलं नसतं.

समजा रिकामा ट्रेलर ९५० किलोचा आहे. पाण्याची ६० लिटरची टाकी भरली की ६० किलो वाढले. घरगुती १४.२ किलोचा भरलेला गॅस सिलिंडर टाकीसकट ३० किलोच्या घरात जातो. १५० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी ५० ते ६० किलोची. गाद्या, भांडी, खुर्च्या, ताडपत्री, चादरी, जॅक आणि स्टेपनी मिळून शंभर-सव्वाशे किलो सहज होतात. छपरावर एसी असेल तर आणखी ३० धरा. म्हणजे ९५० किलोचा ट्रेलर प्रत्यक्षात १,२५० किलोचा होऊन रस्त्यावर येतो. इथून पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर करायचा.

या भरलेल्या ट्रेलरचं १० टक्क्यांच्या आसपासचं वजन गाडीच्या हुकावर यायला हवं. आपल्या उदाहरणात ते १२५ किलो होतं. त्याहून फार कमी झालं तर ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो. फार जास्त झालं तर गाडीची मागची बाजू बसते आणि पुढची उचलते.

आरसीवरचे दोन आकडे

आता गाडीकडे वळू. आरसीवर रिकामं वजन आणि भारासहित एकूण वजन असे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरते ती गाडीची वहनक्षमता, म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर किती घेऊ शकते ते. हुकावरचं वजन गाडी अंगावरच घेते, म्हणून ते याच खात्यात मोजायचं. गफलत होते ती नेमकी इथेच. ‘मागे ओढायचंय, गाडीत कुठे भरायचंय’ असं म्हणून हुकावरचं वजन हिशेबातून सुटतं.

चार माणसं ७० किलोची धरली तर २८० किलो. हौद्यात बॅगा, हत्यारं, डिझेलचा कॅन मिळून ८०. हौद्यावर फायबरचं झाकण बसवलं असेल तर ७०. टो-हुकाची लोखंडी चौकट ३०. हुकावर १२५. बेरीज ५८५ किलो झाली.

हाच आकडा घेऊन विक्रेत्याकडे जा आणि तुम्हाला हव्या त्या व्हेरियंटच्या आरसीची प्रत दाखवायला सांगा. दिसायला भक्कम, आतून मोटारीसारख्या सजवलेल्या पिकअपची वहनक्षमता तिच्या रुबाबाच्या मानाने बेताची असू शकते. व्हेरियंट बदलला की आकडाही बदलतो. वजाबाकी ५८५ च्या खाली आली तर तिथेच थांबा. इंजिन २०० हॉर्सपॉवरचं असलं तरी ती गाडी या कामाची नाही. मागच्या स्प्रिंगचे पाटे जाड करून किंवा हवेच्या पिशव्या लावून मागची बाजू उचलता येते, पण कायदेशीर क्षमता त्याने वाढत नाही आणि ब्रेकची क्षमता तर मुळीच नाही.

कुठली पिकअप कशासाठी

आपल्याकडे पर्याय मोजकेच आहेत आणि ते दोन जातींचे आहेत.

बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धा या मालवाहू जातीच्या. मागे जाड पाटे, टनाच्या आसपास किंवा त्याहून जास्त भार घेण्याची तयारी, सुटे भाग सावंतवाडीपासून पेणपर्यंत कुठेही मिळतात. हुकावरच्या १२५ किलोची त्यांना फिकीर नसते. अडचण इंजिनाची आहे. कॅम्परचं २.५ लिटरचं इंजिन ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास देतं, योद्धाचं २.२ लिटरचं १०० च्या आसपास.

इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स दुसऱ्या जातीच्या. व्ही-क्रॉसचं १.९ लिटर डिझेल १६३ हॉर्सपॉवर आणि ३६० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. हायलक्सचं २.८ लिटर २०४ हॉर्सपॉवर देतं, टॉर्क मॅन्युअलमध्ये ४२० आणि ऑटोमॅटिकमध्ये ५००. या खासगी पांढऱ्या पाटीवर नोंदवता येतात, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) मिळते, लो रेंज (हळू पण जोरात ओढणारे खालचे गिअर) मिळते. यांच्यात तपासायची ती वरची वजाबाकी.

एक आकडा मात्र हातचा धरू नका. ‘ही गाडी ऑस्ट्रेलियात साडेतीन टन ओढते’ असं हमखास ऐकवलं जातं. तिकडे विकल्या जाणाऱ्या मॉडेलसाठी ते खरं आहे. पण तो आकडा तिथलं इंजिन, तिथला मान्यताप्राप्त टो-बार आणि ब्रेक असलेला ट्रेलर धरून दिलेला असतो. तुमच्या गाडीसाठी भारतातल्या मालक-पुस्तिकेत छापलेला आकडाच चालेल. पुस्तिकेत तो नसेल तर कंपनीकडून लेखी मागा. तोंडी ‘होऊन जाईल साहेब’ला अपघातानंतर विमा कंपनीपुढे काही किंमत नसते.

इंजिनाचा विचार घाटाच्या हिशेबाने करा. गाडी, माणसं, सामान आणि ट्रेलर मिळून ३,७०० किलो झाले असं धरा. दहात एक चढ असलेल्या रस्त्यावर हे सगळं ताशी ४० किलोमीटरने चढवायला इंजिनाची साधारण ७४ हॉर्सपॉवर लागते. म्हणजे बोलेरो कॅम्पर तिथे शेवटच्या दमावर असेल. ताशी २५ ला उतरलात तर ४६ मध्ये भागतं. बोलेरो कॅम्परने कुंभार्ली घाट चढता येतो, पण दुसऱ्या गिअरमध्ये, एसी बंद करून, मागे एसटी आणि ट्रकांची रांग लावून. वर्षातून दोनदा घाटावर जायचं असेल तर हे चालून जातं. दर महिन्याला पुणे-कोल्हापूर करायचं असेल तर १५० च्या पुढचं इंजिन घ्या.

ट्रेलरचं भरलेलं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा, असा एक जुना दंडक इंग्लंडमधले कॅरव्हॅनवाले पाळतात. सह्याद्रीच्या घाटांसाठी आमचं मत त्याहून कडक आहे: ६५ टक्के. दोन टनांची गाडी असेल तर १,३०० किलोचा ट्रेलर पुष्कळ झाला.

गिअरबॉक्समध्ये ऑटोमॅटिककडे झुकतं माप द्यायला हरकत नाही. जेटीच्या उतारावर ट्रेलरसकट गाडी हलवताना, अंगणात इंच इंच मागे घेताना मॅन्युअलचा क्लच जळतो. मॅन्युअलच घेणार असाल तर लो रेंज असलेलीच घ्या आणि चढावर रिव्हर्स घेताना ती वापरा. मात्र कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून वळणं घेऊ नका. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढची-मागची चाकं एकाच गतीने फिरायला बांधलेली असतात. वळणावर त्यांना वेगळं अंतर कापायचं असतं आणि तो ताण शेवटी गिअरांवर जातो.

उतार आणि ब्रेक

घाटमाथ्यावरून ५०० मीटर खाली यायचं, तर ३,७०० किलोच्या जोडीची जेवढी ऊर्जा जिरवावी लागते तेवढ्यात ७ लिटर पाण्याची पूर्ण वाफ होईल. ही सगळी उष्णता ब्रेकमध्ये ओतली तर लायनर गुळगुळीत होतात, ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल फळीपर्यंत जातं. त्यातला मोठा वाटा इंजिनाने उचलला पाहिजे.

म्हणून ७५० किलोच्या पुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा याच आकड्यावर आहे. प्रकार दोन. पहिला, गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या धक्क्याने स्वतःचे ब्रेक लावतो, तो ओव्हररन ब्रेक. साधा आणि स्वस्त. पण लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलत राहतो, त्यामुळे ब्रेकही सतत घासत राहतात. दुसरा इलेक्ट्रिक. यात ड्रायव्हरच्या हाताशी कंट्रोलर असतो, ट्रेलरला किती ब्रेक द्यायचा ते ठरवता येतं आणि गरज पडली तर फक्त ट्रेलरचे ब्रेक लावता येतात. घाटात जायचं असेल तर इलेक्ट्रिकवर पैसे खर्च करा. फायबरचं झाकण नंतर घेता येईल.

गाडी बघायला जाल तेव्हा मागचे ब्रेक ड्रम आहेत की डिस्क, एबीएस सगळ्या चाकांना आहे का, ट्रेलर डोलायला लागला तर सावरणारी यंत्रणा आहे का, हे विचारा. आणि टेस्ट ड्राइव्ह उतारावरच घ्या. दुसऱ्या गिअरमध्ये पाय ब्रेकवरून काढा. वेग धरून राहते का बघा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाकलेला गिअर ती टिकवते, की आपल्या मनाने वरचा घेते, हेही तिथेच कळतं.

उतरताना नियम जुनाच: ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. तो माथ्यावरच टाका, वेग वाढल्यावर नव्हे. ब्रेक दाबायचा तो ठामपणे, वेग उतरेपर्यंत, आणि मग पूर्ण सोडायचा. पाय ठेवून घासत राहायचं नाही. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना पाचर लावा आणि अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

ट्रेलर डोलायला लागला तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि स्टिअरिंग सरळ धरा. फक्त ट्रेलरचे ब्रेक लावता येत असतील तर हलके लावा. वेग वाढवून सरळ करायला जाऊ नका आणि मुख्य ब्रेकवर उभे राहू नका.

हुक, वायरी आणि उंची

टो-हुक चॅसीच्या दोन्ही बाजूंच्या रुळांना नट-बोल्टने बसला पाहिजे. बंपरला लावलेला हुक ट्रेलरसाठी नसतो. बोल्ट किमान ८.८ ग्रेडचे, डोक्यावर तसा आकडा कोरलेला असतो. गॅरेजवाला ‘वेल्डिंग करून देतो, जन्मात सुटणार नाही’ म्हणेल. नको म्हणा. वेल्डिंगच्या उष्णतेने चॅसीचं पोलाद त्या जागी कमजोर होतं, रंग जळतो आणि खाऱ्या हवेत तिथूनच गंज धरतो.

टो-बॉल, म्हणजे हुकावरचा गोळा, बहुधा ५० मिलिमीटरचा मिळतो. अमेरिकी धाटणीचा कपलर (ट्रेलरच्या दांड्याचं बॉलवर बसणारं टोक) दोन इंचाचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा असतो. फरक नखाएवढाही नाही, पण ५० चा बॉल दोन इंची कपलरमध्ये खडखडतो आणि झिजत जातो. दोन्हींवर छापलेला आकडा एकच आहे ना, ते वाचून बघा.

भरलेला ट्रेलर जोडल्यावर जमिनीला समांतर दिसला पाहिजे. फोर बाय फोर पिकअप उंच असतात, त्यामुळे बॉल खाली आणणारा वाकडा टंग लागतो. ट्रेलरचं नाक वर राहिलं तर मागची बाजू प्रत्येक गतिरोधकावर घासते आणि हुकावरचं वजनही कमी होतं. सुरक्षेच्या दोन साखळ्या कपलरखालून एकमेकींवरून फुलीसारख्या न्या, म्हणजे हुक सुटला तर दांडा त्यांच्या झोळीत पडतो. ब्रेक खेचणारी आपत्कालीन तार वेगळी, ती साखळीला बांधू नका.

लाइटच्या सात पिनांच्या प्लगसाठी स्वतंत्र फ्यूज आणि अर्थची स्वतंत्र वायर घ्या. हुकाच्या लोखंडातून अर्थ मिळतो यावर भरवसा ठेवलात, तर पहिल्या पावसाळ्यानंतर ब्रेक लाइट आणि इंडिकेटर एकमेकांत मिसळून लुकलुकायला लागतात.

ट्रेलरलाही आरटीओ नोंदणी आणि नंबरपाटी लागते. वर्कशॉपमध्ये बनवून घेत असाल तर नोंदणीची जबाबदारी कोणाची, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लिहून घ्या. विमा कंपनीलाही गाडीला हुक बसवल्याचं कळवा.

वजनकाट्यावर

चिरेखाणीजवळ किंवा हायवेला वजनकाटा मिळतोच. तीन वेळा वजन करा. पहिल्यांदा माणसं-सामानासकट फक्त गाडी. दुसऱ्यांदा ट्रेलर जोडून, पण ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर ठेवून. तिसऱ्यांदा दोन्ही काट्यावर. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की हुकावरचं वजन, तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रेलरचं एकूण वजन. दुसऱ्यांदा काट्यावर आलेलं वजन आरसीवरच्या एकूण वजनाच्या आत हवं.

काटा मोठ्या गाड्यांसाठी असतो, दहा-वीस किलोचा फरक तो दाखवेलच असं नाही. हुकावरचं वजन नेमकं हवं असेल तर घरचा माणसांचं वजन करायचा काटा घ्या. एक मजबूत फळी, तिचं एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर. विटेपासून एक तृतीयांश अंतरावर ट्रेलरचा कपलर टेकवा. काटा दाखवेल त्याची तिप्पट म्हणजे हुकावरचं वजन. फळीचं वजन आधी वजा करायला विसरू नका.

पाण्याच्या टाकीची जागा इथे महत्त्वाची ठरते. टाकी ट्रेलरच्या ॲक्सलच्या मीटरभर मागे असेल आणि हुक ॲक्सलपासून तीन मीटरवर असेल, तर ६० लिटर पाणी हुकावरचे २० किलो कमी करतं. १२५ चे १०५ झाले, म्हणजे साडेआठ टक्क्यांवर आलात. अशा ट्रेलरमध्ये टाकी रिकामी ठेवून निघा आणि मुक्कामी भरा.

गाडीवर काय होतं तेही बघा. हुक मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३.१ मीटर असेल, तर हुकावरच्या १२५ किलोंमुळे पुढच्या चाकांवरचे ४८ किलो उचलले जातात आणि मागच्यांवर १७३ पडतात. लाल चिखलाने माखलेल्या डांबरावर पुढची गाडी सरळ पळायला का बघते, याचं हे एक कारण. मागच्या टायरच्या बाजूवर छापलेला लोड इंडेक्स वाचा: ११० म्हणजे एका टायरला १,०६० किलो, ११२ म्हणजे १,१२०. हवा दारावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी दिली आहे तेवढी.

रस्ते, जेट्या, पुळण

आंबा आणि कुंभार्ली ट्रेलरसाठी त्यातल्या त्यात बरे. आंबेनळीची अरुंद वळणं टाळा. वरंध घाट पावसाळ्यात बंद ठेवला जातो, निघण्याआधी चौकशी करा. वळणावर ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात. डाव्या वळणाला कठड्याकडे किंवा गटाराकडे ती ओढली जातात, म्हणून गाडी आधी पुढे काढा, मग वळवा. ट्रेलर बहुतेक वेळा गाडीपेक्षा रुंद असतो, तेव्हा बाजूला लांब येणारे जादा आरसे लावा.

दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडले, दिघी-आगरदांडा, जयगड-तवसाळ या जंगलजेट्यांनी मोठे वळसे वाचतात. पण ओहोटीला उतार तीव्र होतो आणि बोटीची फळी जमिनीला मिळते तिथे कोन पडतो. लांब शेपटीचा ट्रेलर तिथे मागून घासतो, मध्येच अडकतोही. भरतीच्या वेळी जा, तिकीट काढताना जोडीची एकूण लांबी सांगा, आणि शेवाळलेल्या उतारावर लो रेंज लावूनच चढा.

पुळणीवर ट्रेलर नेऊ नका. बंदी तर असतेच. त्यात रुतलेली नुसती गाडी दहा माणसं ढकलून काढतात, ट्रेलर जोडलेली गाडी भरतीच्या आधी निघेल याची खात्री नाही.

जुनी घेत असाल तर

किनाऱ्यावर विकायला येणाऱ्या जुन्या पिकअपांपैकी बऱ्याच मासळीच्या धंद्यातून आलेल्या असतात. बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या भोकांतून वर्षानुवर्षं थेट चॅसीवर ठिबकतं. वरून नवा रंग, नवं रबर मॅट, आत पापुद्रे. मॅट उचलून बघाच. गाडी रॅम्पवर घ्या, हौद्याच्या भोकांखालचा चॅसीचा वरचा पृष्ठभाग, मागच्या पाट्यांचे ब्रॅकेट आणि शेवटची आडवी तुळई स्क्रू-ड्रायव्हरने टोचा, हातोडीने हलके ठोका. टणटणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पापुद्रा निघाला तर गाडी कितीही स्वस्त असो, त्या चॅसीला हुक लावायचा नाही.

क्लच तपासायला चढावर तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालवत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग नाही, तर क्लच संपला आहे.

घेतल्यावर दर किनारा-फेरीनंतर गाडी आणि ट्रेलर दोन्ही खालून गोड्या पाण्याने धुवा, ब्रेक ड्रमची आतली बाजूसुद्धा. ट्रेलरच्या बेअरिंगचं ग्रीस पावसाळा संपला की बदला. खाडीच्या पाण्यात चाकं बुडाली असतील तर लगेच, कारण तापलेला हब पाण्यात थंड होताना पाणी आत ओढून घेतो.

पहिली फेरी मोकळ्या हायवेवर, दिवसा, कोरड्या हवेत करा. ५० किलोमीटरवर थांबून ट्रेलरचे चाकांचे नट आणि हुकाचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, आणि ट्रेलरच्या सगळ्या हबना हात लावून बघा. एकच हब बाकीच्यांपेक्षा गरम लागला, तर तिथला ब्रेक चिकटला आहे किंवा बेअरिंग घट्ट आहे. ते दुरुस्त होईपर्यंत घाटाकडे वळू नका.